कोणते वडगाव? इंग्रजीतील संबंधी सर्वनामे आणि स्वल्पविराम

महाराष्ट्रात वडगावे अनेक आहेत. मावळातले वडगाव, कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव, पुण्यातील वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात जे आहे ते युसूफ वडगाव. नुसते ‘वडगाव’ म्हटले की ऐकणारा विचारतो, ‘कोणते?’ इंग्रजीतील ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ या संबंधी सर्वनामांचे मुख्य काम या ‘कोणते?’ प्रश्नाचे उत्तर देणे हेच होय. मात्र हा प्रश्न पडलाच नसेल, तर तीच सर्वनामे निराळ्या रीतीने लिहावी लागतात. आपल्याकडील विद्यार्थी आणि अर्ज लिहिणारे येथेच अडखळतात.

‘द वडगाव व्हिच इज इन केज तालुका इज माय नेटिव्ह प्लेस’ हे वाक्य पाहा. वडगावे अनेक, त्यांतले केज तालुक्यातले माझे, असा याचा अर्थ. येथे ‘व्हिच’पासून सुरू होणारे उपवाक्य काढून टाकले तर गावाची ओळखच नाहीशी होते, म्हणून त्यापूर्वी स्वल्पविराम येत नाही. आता ‘युसूफ वडगाव, व्हिच इज इन केज तालुका, इज माय नेटिव्ह प्लेस’ हे वाक्य घ्या. येथे नावानेच ओळख पटली. तालुका ही जादा माहिती. अशी जादा माहिती दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांत ठेवावी लागते. पहिला स्वल्पविराम देऊन दुसरा विसरणे ही चूक छापील मजकुरातही वारंवार दिसते.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. हंगामात बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. समजा, कोणी अर्जात लिहिले : ‘द लेबरर्स हू वेंट टू द शुगर फॅक्टरीज डिड नॉट गेट रेशन.’ म्हणजे जे मजूर कारखान्यांवर गेले तेवढेच धान्यापासून वंचित राहिले. गावात राहिलेल्यांना ते मिळाले. ‘लेबरर्स’नंतर आणि ‘फॅक्टरीज’नंतर स्वल्पविराम दिले की अर्थ होतो : हे सर्वच मजूर कारखान्यांवर गेले होते आणि कोणालाही धान्य मिळाले नाही. शब्द तेच, पण तक्रार वेगळी आणि तक्रारदारांची संख्याही वेगळी. मृत्युपत्रातील ‘माय सन हू लिव्हज इन पुणे’ आणि ‘माय सन, हू लिव्हज इन पुणे,’ यांतही असेच अंतर आहे. पहिल्यावरून वाचणारा मुलगे एकाहून अधिक असल्याचे समजेल, दुसऱ्यावरून एकच.

‘व्हिच’ आणि ‘दॅट’ यांविषयी एक दंडक शाळांत सांगितला जातो : ओळख पटवायची असेल तर ‘दॅट’, जादा माहिती असेल तर ‘व्हिच’. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ही विभागणी सुचविली होती आणि अमेरिकी संपादक ती कसोशीने पाळतात. ब्रिटिश लेखनात मात्र ओळख पटविण्यासाठी दोन्ही चालतात. पक्का नियम एवढाच, की जादा माहितीच्या उपवाक्यात, म्हणजे स्वल्पविरामानंतर, ‘दॅट’ लिहू नये. ‘मांजरा डॅम, दॅट सप्लाइज वॉटर टू लातूर,’ हे चूक. तेथे ‘व्हिच’च हवे. (केज तालुक्यात धनेगावजवळचे हे धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.)

मराठी माणसाच्या विशिष्ट चुकांचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. आपली संबंधी सर्वनामे जोडीने चालतात : जो–तो, जी–ती, जे–ते. ‘जी बाई काल आली ती माझी मावशी’ या वाक्यातून ‘ती’ काढली तर वाक्य लंगडे होते. इंग्रजीत जोडीदाराला जागा नाही. तरीही ‘द वूमन हू केम येस्टरडे शी इज माय आँट’ असे लिहिले जाते. त्यातला ‘शी’ म्हणजे आपली ‘ती’. ‘द बुक व्हिच आय बॉट इट इज लॉस्ट’ यातील ‘इट’ही तसेच उपरे. पुस्तकाची जागा ‘व्हिच’ने आधीच घेतलेली आहे.

दुसरी गोष्ट लिंगाची. ‘मुख्याध्यापकांची मुलगी, जी लातूरला राहते’ आणि ‘जे लातूरला राहतात’ यांत मराठीला शंका उरत नाही. इंग्रजी ‘हू’ला लिंगही नाही, वचनही नाही. ‘आय मेट द डॉटर ऑफ द हेडमास्टर हू लिव्हज इन लातूर’ : लातूरला कोण राहते, मुलगी की वडील? मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागेला करावे लागते. म्हणून संबंधी सर्वनाम शक्यतो आपल्या नामाला चिकटून असावे. ‘द हेडमास्टर्स डॉटर, हू लिव्हज इन लातूर,’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

विभक्तीचेही तसेच. ‘ज्या गावात मी राहतो’ यातील ‘त’ इंग्रजीत ‘इन’ म्हणून उतरला पाहिजे. ‘द व्हिलेज व्हिच आय लिव्ह’ अपुरे आहे; ‘इन व्हिच आय लिव्ह’, ‘व्हिच आय लिव्ह इन’ किंवा ‘व्हेअर आय लिव्ह’ यांपैकी काहीही चालेल. ‘इन दॅट आय लिव्ह’ मात्र चालणार नाही, कारण शब्दयोगी अव्ययानंतर ‘दॅट’ येत नाही. व्यक्तीसाठी त्याच जागी ‘हूम’ लागते : ‘द ऑफिसर टू हूम आय रोट’. एरवी बोलताना ‘हूम’ मागे पडत चालला आहे, त्याची फारशी खंत करू नये.

खरे तर मराठी बोलताना आपण जो–तो फारसा वापरतच नाही. ‘काल आलेला पाहुणा’, ‘दूध घालणारी बाई’, ‘मी घेतलेले पुस्तक’ अशी धातुसाधितांची वाट आपल्याला सोपी वाटते. भाषांतर करताना ‘-लेला’ आणि ‘-णारा’ दिसले की तेथे बहुधा संबंधी उपवाक्य आहे असे समजावे. ‘मी घेतलेले पुस्तक’ याचे ‘द बुक आय बॉट’ होते. येथे पुस्तक कर्म असल्याने ‘व्हिच’ गाळता येतो. ‘मला शिकवणारे शिक्षक’ यात शिक्षक कर्ता आहे, त्यामुळे ‘द टीचर हू टॉट मी’ यातील ‘हू’ गाळता येत नाही.

धातुसाधितात एक अडचण आहे : ते नामाच्या आधी येते आणि स्वल्पविराम कोठेच दाखवीत नाही. ‘विवेकसिंधू लिहिणारे मुकुंदराज’ या शब्दांचे इंग्रजी करताना ठरवावे लागते, की मुकुंदराज अनेक आणि त्यांतले हे, की मुकुंदराज हेच आणि ही जादा माहिती? आद्यकवी म्हणून ओळखले जाणारे मुकुंदराज एकच. तेव्हा ‘मुकुंदराज, हू रोट विवेकसिंधू अँड हूज समाधी इज अॅट अंबाजोगाई,’ असे, दोन्ही स्वल्पविरामांसह लिहावे. ‘हूज’ म्हणजे ‘ज्यांची’. तो निर्जीव वस्तूंनाही चालतो. ‘अ व्हिलेज हूज वेल्स आर ड्राय’, म्हणजे ‘जिच्या विहिरी आटल्या आहेत अशी वस्ती’, हे शुद्ध इंग्रजी आहे.