इनामगांवचा कोळसा व बीटा-किरण

आमच्या पिंपळीच्या उत्तरेस, घोड नदीच्या कांठीं, इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडांत आणिली. कागद नाहीं, शिलालेख नाहीं. मग काळ ठरवावा कशानें? जळक्या कोळशांतील कर्ब-१४ च्या बीटा-किरणांनीं.

यांची ऊर्जा फार तर ०.१५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. युरेनियमच्या आल्फा-किरणांची त्याच्या सुमारें २७ पट. तरी ते साध्या कागदानें अडतात. ऊर्जा व भेदनशक्ति एक नव्हेत! बीटा मात्र इतके क्षीण कीं मापकाच्या भिंतींतच जिरावयाचे. म्हणून पूर्वीं नमुन्याचा वायु करून तो मापकांतच भरीत, आणि बाहेरचे गॅमा-किरण अडविण्यास भोंवतीं शिसें रचीत.

५७३० वर्षांत हा कर्ब निम्मा उरतो. त्यावरून वस्तीचा आरंभ इ. स. पू. १६०० च्या सुमारास धरितात. पण हा काळ लांकूड वाढल्याचा, चूल पेटल्याचा नव्हे. जुनी तुळई जाळली असल्यास गणना मागें सरकते.