महाराजांचं रान

कागलच्या गैबी चौकातनं आम्ही चौघं मित्र पहाटे पाचला निघालो. मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी करत दाजीपूर. पिशवीत भाकरी, खर्डा आणि कांदे.

शिवगडाच्या वाटेवर झाडी इतकी दाट, की दहा वाजले तरी पायाखाली दव. वाटाड्या एकाएकी थांबला. चिखलात खुराचा ठसा होता, त्यात अजून पाणी पाझरत होतं. शेजारी शेणाचा पो. "आत्ताच गेलाय," तो कुजबुजला. उजवीकडं कारवीत काहीतरी काळं हललं. दिसले ते फक्त चार पाय, गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. गवा! मग नुसती पाचोळ्याची सळसळ.

पुढं सड्यावर भाकऱ्या सोडल्या. आम्ही कागलचे म्हटल्यावर वाटाड्या हसला. "मग हे रान तुमच्याच माणसानं राखलेलं की!"

खरं होतं. १८७४ साली कागलकर घाटग्यांच्या घरात जन्मलेले यशवंतराव १८८४ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांना शिकारीचा भारी नाद. दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं शिकारीचं राखीव रान. शिकारीला जनावर हवं, जनावराला रान हवं आणि रान टिकवायचं तर कुऱ्हाड आवरायला हवी. हौस राजाची, पण तिच्या आडोशाला झाडं जगली.

त्याच राजाची दुसरी नजर पाण्यावर होती. फेजिवड्याजवळ भोगावतीवर त्यांनी धरण बांधायला काढलं, शेजारच्या गावाला लेकीचं नाव देऊन राधानगरी केलं. पैशांअभावी काम रखडलं. महाराज १९२२ला गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. शिकारीच्या रानाचंही १९५८ला गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढं १९८५ला ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. ज्या रानात गव्यावर नेम धरायचे, तिथंच त्याला अभय मिळालं. २०१२ला युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या रानाचीही नोंद केली.

हे सगळं शाळेत पाठ केलेलं. पण सड्यावर बसून खाली बघितलं, तेव्हा त्याचा माझ्या शेताशी संबंध लागला. या डोंगरात मुरलेलं पाणी ओढ्याओढ्यानं काळम्मावाडीच्या धरणात उतरतं आणि दूधगंगा होऊन आमच्या शिवारात येतं. माझा ऊस त्यावरच उभा आहे.

रात्री परतताना दूधगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. मित्र म्हणाला, "आता काय बघतोस लेका अंधारात?"

"पाणी," म्हटलं. "सकाळी गवा ह्याच्यातच उभा होता."