वेळासची कासवे : गावाने राखलेला किनारा

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. आज मात्र ते देशभर ओळखले जाते ते ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांमुळे. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या कासवांच्या लाखो माद्या एकाच वेळी अंडी घालतात. कोकणात त्या एकेकट्या येतात, त्यामुळे त्यांचे अस्तित्व दीर्घकाळ अभ्यासकांच्या नजरेआड राहिले.

मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरावर अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परतते. पिलांची ती पुन्हा दखल घेत नाही. कोल्हे, कुत्री आणि माणूस हे अंड्यांचे शत्रू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश असूनही गावोगावी अंडी खाल्ली व विकली जात. कायदा होता, रात्रीच्या किनाऱ्यावर त्याचा पहारेकरी नव्हता.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळास येथे काम सुरू केले, तेव्हा ही उणीव भरून काढण्यासाठी तिने ग्रामस्थांचीच मदत घेतली. वाळूवरील माग ओळखून घरटे शोधण्याचे कसब त्यांच्याकडेच होते. ही अंडी काळजीपूर्वक काढून, मूळ घरट्याच्याच आकाराच्या खड्ड्यात, कुंपण घातलेल्या जागेत ठेवली जातात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिले वर येतात व त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडले जाते. समुद्राकडची वाट ती स्वतःच चालतात.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांतून होऊ लागली आणि जिवंत कासव हे उत्पन्नाचे साधन ठरले. वनविभागाच्या सहकार्याने हे काम पुढे आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर अशा अनेक ठिकाणी पोहोचले. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी मच्छिमाराला जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसविण्यात आला. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. कोकणच्या एका गावाने राखलेले कासव किती दूरवर जाते, हे त्यातून दिसले.

तथापि प्रश्न संपलेले नाहीत. पिलांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते आणि वाळू फारच तापल्यास अंडी नासतात. पर्यटकांची गर्दी, किनाऱ्यावरील दिव्यांचा झगमगाट व धूप यांमुळे अंडी घालण्याची जागाच आक्रसते. ज्या पर्यटनाने गावाला मोबदला दिला, त्याला मर्यादा घालण्याचे कामही आता गावालाच करावे लागणार आहे. पहारा बसवण्यापेक्षा हे अधिक कठीण आहे. कारण पूर्वी चोराला अडवायचे होते, आता पाहुण्याला.