बुलढाणा जिल्ह्यातील शेतजमिनीचा विस्तार

वाढत्या लोकसंख्येच्या पोषणासाठी लागवडक्षेत्र वाढविण्याचे मार्ग मुख्यतः तीन : पडीक व वनभूमी नांगराखाली आणणे, निकृष्ट जमीन सुधारणे आणि सिंचनाच्या साहाय्याने एकाच जमिनीत वर्षातून एकाहून अधिक पिके घेणे. बुलढाणा जिल्ह्याच्या (क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी.; लोकसंख्या २५,८६,२५८–२०११) इतिहासात हे तिन्ही मार्ग आढळतात. उत्तरेस पूर्णा खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीचा पायनघाट व दक्षिणेस अजिंठा रांगांवरील, बऱ्याच ठिकाणी उथळ मातीचे पठार, असे जिल्ह्याचे दोन नैसर्गिक विभाग पडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची युद्धे, पेंढाऱ्यांचे उपद्रव व १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे वऱ्हाडातील पुष्कळ जमीन ओस पडली होती. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व ३० वर्षांची सारा-आकारणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले. मलकापूर, नांदुरा व शेगाववरून लोहमार्ग गेला आणि १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा सुरू होऊन खामगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. परिणामी पडीत व चराऊ जमिनी झपाट्याने लागवडीखाली आल्या.

तथापि वाढलेले क्षेत्र म्हणजे वाढलेले अन्न नव्हे, हे १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दाखवून दिले. कापसाचा पैसा मुख्यतः सावकार, व्यापारी व मोठे खातेदार यांच्या हाती राहिला. शेतमजुराजवळ ना धान्याचा साठा होता, ना ते विकत घेण्याची ऐपत. पडीत कमी झाल्याने जनावरांच्या चाऱ्याचाही आधार गेला. १८९१–१९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली.

नवी जमीन दुर्मिळ झाल्यावर आहे त्या जमिनीची उत्पादनक्षमता वाढविण्यावर भर आला. बांधबंदिस्तीने पठारावरील मातीची धूप रोखता येते. नळगंगा, ज्ञानगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा इ. प्रकल्पांनी सिंचनाची सोय झाली. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र भूजल क्षारयुक्त असल्याने विहिरींच्या सिंचनास मर्यादा पडते. २०१८ पासून जिल्ह्यात तलावांतील गाळ काढून तो हलक्या जमिनींवर पसरविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्यामुळे जलसाठा वाढतो व मुरमाड जमिनीत ओल टिकते. महामार्गांसाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाल्यांतून घेऊन त्यांचे खोलीकरण करण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते.

या मार्गांनाही किंमत द्यावी लागते. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाचा उद्देश सिंचनवाढ हा असला, तरी त्यासाठी अनेक गावे व नदीकाठची सुपीक जमीन बुडिताखाली येते. शिवाय अलीकडील दशकांत ज्वारीचे बरेच क्षेत्र सोयाबीनकडे वळले आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या अन्नपुरवठ्याचा विचार केवळ लागवडक्षेत्रावरून करता येत नाही. पीकरचना, पाण्याची वाटणी व श्रमिकांची क्रयशक्ती यांचाही त्यात समावेश करावा लागतो.