गळ्यातील गाठ आणि ध्वनीचा डोळा

गळ्याला आलेली गाठ पूर्वी डॉक्टरांना बोटांनीच ओळखावी लागे. रोग्याला पाणी गिळावयास सांगावयाचे; घोटाबरोबर गाठ वर सरकली की ती थायरॉइड ग्रंथीची, एवढे उमगे. ती द्रवाने भरलेली की भरीव, हे बोटांना नीटसे सांगता येत नसे.

ते सांगितले ध्वनीने. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपावयाचा, अशी ही युक्ती. धातूतील चिरा शोधणाऱ्या यंत्रावरून ती सुचली आणि ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. १९६७ साली जपानात फुजिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी थायरॉइडवर हीच रीत चालविली. निव्वळ द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तशी गाठ चित्रात काळी दिसते. आपण जिला सोनोग्राफी म्हणतो ती हीच. आपणा स्त्रियांत या गाठी पुरुषांहून पुष्कळ अधिक आणि बहुतेक निरुपद्रवी. तेव्हा किती जणींच्या गळ्यावरची सुरी हिने टाळली असेल!

परंतु नजर तीक्ष्ण झाली तसा नवाच पेच पडला. बोटाला न लागणारी दोन-तीन मिलिमीटरची गाठही दिसू लागली. १९८५ साली फिनलंडमध्ये शवविच्छेदन केलेल्या १०१ मृतांपैकी ३६ जणांच्या थायरॉइडमध्ये बारीक कर्करोग आढळला होता, हयातीत कधीच न कळलेला. असे रोग शोधून काढल्यास काय होईल?

त्याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले. १९९९ मध्ये तेथे कर्करोग तपासणीची सरकारी योजना निघाली. थायरॉइड तीत नव्हते. पण आलाच आहात तर थोडे पैसे भरून गळाही पाहून घ्या, अशी पद्धत पडली. २०११ साली ४०,००० हून अधिक लोकांना थायरॉइडचा कर्करोग सांगितला गेला. हे प्रमाण १९९३ च्या पंधरापट होते. त्यात स्त्रियाच फार. या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकींच्या मागे जन्माची गोळी लागली, शंभरात अकरांचे कॅल्शियम ढळले, दोघांच्या स्वरतंतूंना इजा झाली. (हाताला लागणारी गाठ डॉक्टरांना दाखवावीच, येथे गोष्ट आहे ती काहीही होत नसता शोधलेल्या गाठींची.)

जपानात कोबे येथील डॉ. मियाउची यांनी १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतचे असे कर्करोग न कापता ठराविक काळाने सोनोग्राफी करून पाहण्याचा परिपाठ सुरू केला होता. अशा १,२३५ रोग्यांत दहा वर्षांत शेकडा आठांचीच गाठ वाढली. २०१४ मध्ये कोरियातील काही डॉक्टरांनीही विनाकारण गळा तपासू नका असे जाहीर आवाहन केले, आणि वर्षभरात तेथील थायरॉइडच्या शस्त्रक्रिया शेकडा ३५ ने उतरल्या.