चूक कोणाची? मोटार-मालट्रक अपघातांच्या निवाड्याचा इतिहास

17 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची चार दशकांची मागणी पूर्ण झाली. या घटनेची चर्चा वकिलांचे आंदोलन आणि राजकीय श्रेय याभोवती बरीच झाली. पण या बेंचकडे येणाऱ्या अपिलांमध्ये एक वर्ग असा आहे, ज्यातले पक्षकार कोर्टाची पायरी एरवी कधीच चढले नसते. ते म्हणजे मोटार अपघाताच्या दाव्यांतले वारस. शाहूवाडीच्या किंवा कागलच्या एखाद्या विधवेला भरपाईच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. आता ते अंतर मिटले. मात्र अपिलात जो प्रश्न सोडवायचा असतो तो जुनाच आहे : चूक कोणाची?

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 4 आणि आताचा 48, किणी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा जिल्ह्यातून जातो. फाउंड्रीचा माल, गूळ, साखर, कोकणाकडे आंबा घाटातून उतरणारी वाहतूक आणि गळीत हंगामातला ऊस हे सारे मोटारींबरोबर याच रस्त्यांवर असते. मोटार आणि मालट्रक यांची टक्कर झाली की जमलेल्या गर्दीचा निकाल ठरलेला असतो : दोष मोठ्या गाडीचा. कायद्याने मात्र हा निकाल कधीच मान्य केला नाही. गाडीच्या आकारावरून दोष ठरत नाही. तो कशावरून ठरतो, याचाच हा इतिहास.

गाढवापासून मोटारीपर्यंत

1842 साली इंग्लंडात एका गाढवावरून खटला झाला. पुढचे पाय बांधलेले गाढव रस्त्याकडेला चरत होते. तीन घोड्यांची भरधाव गाडी आली आणि गाढव चिरडले. गाढव असे सोडणे ही मालकाचीही चूक होती. त्या काळच्या नियमानुसार फिर्यादीची थोडीशी चूक निघाली तरी त्याचा सगळा दावा बुडे. कोर्टाने मात्र विचारले की, अपघात टाळण्याची शेवटची संधी कोणाकडे होती? ती गाडीवानाकडे होती, म्हणून गाढवाचा मालक जिंकला. रस्त्यात उभ्या ट्रकवर मागून मोटार आदळते तेव्हा आजही मुळात हाच वाद असतो. पुढे 1945 साली इंग्लंडने कायदा करून दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आणली. आपल्या न्यायालयांनीही तेच तत्त्व वापरले.

आपल्याकडे 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी दिवाणी कोर्ट, मुद्रांक शुल्क आणि वर्षानुवर्षांची तारीख-पे-तारीख सोसावी लागे. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. ती तरतूद 1 जुलै 1946 पासून अमलात आली. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर 1956 च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. कोर्ट बदलले, खर्च कमी झाला, पण चूक सिद्ध करण्याचे ओझे वारसांच्याच डोक्यावर राहिले.

1977 : दोन निकाल

1977 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांचे निकाल दिले. पहिला मुंबईतला, मोटार आणि मालट्रकच्या टकरीचा. वकील मंडळी त्याला मिनू मेहता खटला म्हणतात. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले : चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. त्याच निकालात ट्रकमालकांनाही एक बंधन घातले. गाडीत बिघाड झाला एवढे म्हणून सुटका नाही. गाडीची नीट काळजी घेतली होती, हे मालकानेच दाखवायचे.

दुसरा खटला एकट्या मोटारीच्या अपघाताचा. सुमारे 15 फूट रुंदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना शेते. मोटार उजवीकडे रस्ता सोडून झाडावर आदळली. अपघात कसा झाला हे पाहणारा साक्षीदार वारसांकडे नव्हता. न्यायालयाने झाडाची स्थिती आणि मोटारीचे मागे सरकलेले इंजिन पाहिले आणि म्हटले, इथे घटनाच बोलते. आता चूक नव्हती हे गाडीवाल्याने सिद्ध करावे. पहिल्या निकालाने दार लावले आणि दुसऱ्याने खिडकी उघडली, असे म्हणता येईल.

तरीही खिडकीतून सगळेच आत येऊ शकत नव्हते. म्हणून 1 ऑक्टोबर 1982 पासून चुकीचा प्रश्न न विचारता ठरावीक रक्कम देण्याची तरतूद झाली : मृत्यूसाठी 15 हजार रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. 1988 च्या नव्या कायद्यात मृत्यूची रक्कम 25 हजार, 1994 मध्ये 50 हजार आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 लाख झाली. त्याहून जास्त हवे असेल तर बहुतेक वेळा चूक दाखवावीच लागते.

पंचनामा काय सांगतो, काय सांगत नाही

न्यायाधीश अपघात पाहत नाही, तो कागद पाहतो. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि दोषारोपपत्र हे ते कागद. टायर घासल्याच्या खुणा कुठून सुरू झाल्या, काचा कोणत्या बाजूला पडल्या, रस्त्याची रुंदी किती, उभ्या ट्रकचे मागचे दिवे चालू होते का, यांतली एकेक नोंद काही लाखांची असते. महामार्ग मोकळा करण्यासाठी क्रेनने वाहने हलवली की ही माहिती तासाभरात पुसली जाते.

पंचनाम्यालाही मर्यादा आहे. 2013 साली मोटार आणि बसच्या समोरासमोरच्या टकरीत सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अपघातानंतर वाहने कुठे थांबली होती एवढ्यावरून चूक ठरत नाही. धडकेने गाडी फिरते, सरकते. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा बुडत नाही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्येच स्पष्ट केले होते. फौजदारीत संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहतात.

पारडे कसे झुकते, हे 2018 च्या दोन निकालांत दिसते. एकात ट्रकच्या मागून मारुती मोटार चालली होती. अंतर अवघे 10 ते 15 फूट. ट्रकने अचानक ब्रेक लावल्याची तक्रार होती. न्यायालयाने विचारले, मागच्याने सुरक्षित अंतर का ठेवले नाही? दोष मोटारीचाच ठरला. दुसऱ्यात रात्रीच्या वेळी रस्त्यातच दिव्यांशिवाय उभ्या असलेल्या टँकरवर मोटार आदळली. समोरच्या वाहनांच्या दिव्यांनी मोटारचालकाचे डोळे दिपले होते. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्णपणे टँकरवर ठेवला. दोन्हीत मोटार मागून आदळली, पण निकाल उलट लागले, कारण प्रत्येकाचे कर्तव्य वेगळे होते.

उसाच्या ट्रॉल्यांची सवय असलेल्या जिल्ह्याने हा दुसरा निकाल विशेष लक्षात ठेवावा. मागे परावर्तक पट्टी नसलेली, वळणावर बंद पडलेली ट्रॉली रात्री दिसत नाही. दगड लावून मालक जेवायला गेला तरी कायद्याने तिची जबाबदारी संपत नाही.

टक्केवारीचा अर्थ

समजा, भरपाई 40 लाख ठरली आणि मरण पावलेल्या मोटारचालकाचा दोष निम्मा निघाला, तर त्याच्या वारसांना 20 लाखच मिळतात. विमा कंपन्या म्हणूनच टक्केवारीवर जोर देतात. पण त्याच मोटारीत मागे बसलेल्या प्रवाशाचे तसे नाही. त्याची स्वतःची चूक काहीच नसते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दोन वाहनांच्या संयुक्त चुकीत तो पूर्ण रक्कम कोणत्याही एका वाहनाच्या मालकाकडून व विमा कंपनीकडून घेऊ शकतो. वाटणी त्यांनी आपसांत करावी. हा फरक माहीत नसल्याने प्रवाशांचे वारसही अर्ध्या रकमेवर समाधान मानतात.

1 एप्रिल 2022 पासून नियम आणखी बदलले. पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. दावा दाखल करायला मात्र आता सहा महिन्यांचीच मुदत आहे. दिवसकार्य, दवाखान्याची बिले आणि मुलांच्या शाळा यांत सहा महिने कधी सरतात ते घराला कळत नाही.

कोल्हापुरात उच्च न्यायालय आले, ही मोठी गोष्ट झाली. पण अपिलात तिथे जे वाचले जाईल ते महामार्गावरच्या पहिल्या तासात लिहिलेलेच असेल. पंच म्हणून सही करणाऱ्या चहावाल्याने फुटांचा आकडा नीट वाचून सही केली, अंमलदाराने टेप लावून अंतर मोजले आणि वाहने हलवण्याआधी कोणी चार फोटो काढले, तर दोष जिथे होता तिथेच ठेवणे न्यायाधीशाला सोपे जाईल.