कोपऱ्यात ठेवलेला सिलिंडर

शेगडी पेटवताना आपण सगळ्याच सावध असतो. पदर आवरतो, नॉब बघतो, मुलांना बाजूला करतो. पण सिलिंडर टेम्पोतून येत असतो, गोदामात थांबतो, किंवा आपल्याच पडवीच्या कोपऱ्यात उभा असतो, तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं? त्या वेळी काय काय घडलं आहे, त्याचा इतिहास आज सांगणार आहे.

कायद्याच्या नजरेत सिलिंडर हे भांडं नाही, ते स्फोटक आहे. इंग्रज सरकारने 1884 साली स्फोटकांचा कायदा केला. पुढे 28 सप्टेंबर 1938 रोजी सरकारने जाहीर केलं, की धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूप करून भरलेला कोणताही वायू या कायद्याखाली स्फोटक मानला जाईल. यातला ‘कोणताही’ हा शब्द लक्षात ठेवा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, क्लोरीनही पेटत नाही, तरी तेसुद्धा त्यात आले. कारण धोका वायूच्या स्वभावात असतो, तसाच तो दाबातही असतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण 150 किलो दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच किलो असतो. असा सिलिंडर आडवा पडून त्याचा व्हॉल्व्ह तुटला, तर तो अग्निबाणासारखा सुटतो. म्हणूनच सिलिंडर उभा बांधा, व्हॉल्व्हवर टोपी ठेवा, गडगडवत नेऊ नका, असं सांगतात.

1940 साली सिलिंडरचे पहिले नियम आले. तेव्हा आपल्या घरात सिलिंडर नव्हताच. वेल्डिंगच्या दुकानात, बर्फाच्या कारखान्यात, पाणी शुद्ध करायला असे वायू लागत. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत आला 1955 साली, बर्मा शेल कंपनीचा ‘बर्शेन’ या नावाने. कोकणात त्यानंतरही कितीतरी वर्षं चूल आणि रॉकेलचा स्टोव्हच होता. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर वाडी-वस्तीवर पोचला. नियमही 1981, 2004 आणि 2016 साली नव्याने लिहिले गेले. ते बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे.

आता साठवणुकीची गोष्ट. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर पोर्ट ट्रस्टचं घातक मालाचं गोदाम होतं. तिथे क्लोरीनचे मोठाले सिलिंडर 1997 पासून पडून होते. मालक ते न्यायला आलाच नाही. 14 जुलै 2010 च्या पहाटे त्यातला एक गंजलेला सिलिंडर गळू लागला. शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. त्यात कामगार होते, जवळच शिकणारे विद्यार्थी होते आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. कुणी काडी ओढली नव्हती. तेरा पावसाळे, खारी हवा आणि ‘हे माझं नाही’ म्हणणारी माणसं, एवढंच पुरलं. खारेपाटात पत्रा किती लवकर गंजतो, हे पेणच्या बायकांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. आपल्या हमरापूर फाट्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे थेट केरळात जातो. त्याच रस्त्यावर, कण्णूरजवळच्या चाला गावात, 27 ऑगस्ट 2012 च्या रात्री स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर उलटला. गॅस पसरला आणि पेटला. 20 माणसं गेली, शेजारची घरं-दुकानं जळाली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा सखल भागाकडे सरकतो आणि जमिनीलगत साचतो. मग दूरची शेगडी किंवा एखादी ठिणगीही त्याला पुरते. आपल्या रोहा तालुक्यात नागोठण्याला नोव्हेंबर 1990 मध्ये पेट्रोकेमिकल कारखान्यात वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं दगावली, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. तिथे सिलिंडर नव्हता, पण गळलेला वायू ठिणगीपर्यंत पोचला की काय होतं, ते आपल्या दाराशीच दिसलं होतं.

आता आपल्या गावाकडे बघू. हमरापुरात घर आणि गणपतीचा कारखाना एकाच छपराखाली असतो. एका बाजूला रंग, थिनर, कागद, पेंढा, आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या चहाची शेगडी. सणाच्या आधी रात्रपाळी चालते, सिलिंडर जास्तीचे आणून ठेवले जातात आणि मूर्तींना जागा हवी म्हणून ते कोपऱ्यात सरकवले जातात. हाजी बंदरातही सिलिंडर असेच बाजूला पडले होते.

म्हणून एवढं कराच. सिलिंडर उभा आणि मोकळ्या हवेत ठेवा. खड्ड्यात, गटाराजवळ किंवा पायऱ्यांखाली नको. थिनर आणि पेंढा त्याच्यापासून लांब ठेवा. रिकामा झाला तरी त्यात थोडा गॅस उरतोच, म्हणून त्यालाही टोपी लावा. घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत टळलेली असेल तर तो सिलिंडर परत करा. पोचवणाऱ्या दादांनी तो टेम्पोतून आपटत उतरवला, तर त्यांना थांबवा. त्यांचाही जीव त्यातच आहे. वास आला तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, मुलांना घेऊन बाहेर या आणि 1906 या क्रमांकावर फोन करा.

आणि एक काम आजच करा. घरात, पडवीत, कारखान्यात एकूण किती सिलिंडर आहेत ते मोजा. प्रत्येकाचा मालक कोण, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. ज्याला मालक नाही, तो ताबडतोब एजन्सीकडे परत करा.